खालनं बघायला हवं

खुर्ची पुढे केली की माणूस बसतो. आमचे शेजारी बसत नसत. ते आधी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत, गुडघे वाकवत, मान तिरकी करून खुर्चीच्या खाली बघत. मग तळहात उलटा करून बैठकीला खालून एक दाब देत. "खालनं बघायला हवं," असं पुटपुटत आणि मगच टेकत. टेकत म्हणजे काय, अर्धेच टेकत. उरलेले अर्धे बराच वेळ हवेत असत.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कुलूप लावून परत परत ओढून बघणारा, निघाल्यावर अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारा. पण त्यांचं निदान एखाद्या कुलपावर भागतं. आमच्या या शेजारच्या काकांचा संशय सगळ्या जगावर होता, आणि तोही फक्त खालच्या बाजूवर. वरून काय दिसतंय याच्याशी त्यांना कर्तव्यच नव्हतं.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांच्या नात्यातली माणसं अजून आहेत आणि मला या वयात रुसवेफुगवे नकोत. तसंही इमारतीत त्यांना नावानं कोण हाक मारत होतं? राहायचे आमच्या शेजारी, पहिल्या मजल्यावर, आणि सगळे म्हणायचे 'खालचे काका'. नवीन पोस्टमन आला की हटकून तळमजल्यावर त्यांना शोधत बसायचा.

मी लग्न होऊन मुलुंडला आले ती पन्नासच्या पुढची वर्षं. स्टेशनाबाहेर टांगे उभे असायचे, आमच्या इमारतीच्या मागे भाताची खाचरं होती आणि डास म्हणाल तर मोजायची सोय नाही. इमारत दुमजली, पुढे लाकडी गॅलरी. मी जवळच्या शाळेत शिकवत होते, म्हणून काका मला मास्तरीणबाई म्हणायचे. आमच्या ह्यांच्याशी त्यांचं बोलणं एवढंच व्हायचं, की तुमच्या दारासमोरची फळी कुरकुरते आहे, तिकडे जरा जपून.

तुम्हाला वाटेल, इंजिनियर असतील, नाहीतर पुलांच्या खात्यात असतील. छे! फोर्टातल्या एका औषधांच्या कंपनीत ते टपाल बघायचे. आलेली पाकिटं उघडायची, ज्याचं त्याला द्यायचं. तिथे खालचं बघण्यासारखं काय होतं कोण जाणे. आमचे हे म्हणायचे, तिकीट चिकटवण्याआधी पाकिटाची उलटी बाजू बघत असतील.

एकदा भाच्यासाठी मुलगी बघायला ते जोगेश्वरीला गेले. मुलीकडच्यांनी चांगल्या खुर्च्या मांडल्या होत्या, त्यावर भरतकामाची आवरणं घातली होती. काकांनी आपलं नेहमीचं केलं. वाकले, खुर्चीखाली बघितलं, खालून हात फिरवला. मुलीची आई लालबुंद झाली. तिला वाटलं हे ढेकूण बघतायत. त्या काळात कोणाच्या खुर्चीत ढेकूण बघणं म्हणजे तोंडावर घाण म्हणण्यासारखंच. पोहे आलेच नाहीत आणि लग्नही जमलं नाही. काका मात्र घरी येऊन सांगत होते, खुर्ची अगदी झकास होती.

काकू त्यांच्या अगदी उलट. उंच, मोकळ्या, खणखणीत आवाजाच्या. जिथे जागा दिसेल तिथे धपकन बसायच्या. आम्ही गॅलरीत तांदूळ निवडत असलो आणि काका खाली अंगणात उभे राहून आमच्या पायांखालच्या तुळया न्याहाळत असले, की काकू वरून म्हणायच्या, अहो, एकदा पृथ्वीच्या खालनं बघून या, म्हणजे आम्ही निवांत चालू. काका मान वर न करता म्हणायचे, हसा, हसा. ह्या दोघांचं चाललंय तरी कसं, याचं मला नवल वाटायचं. पुढे कळलं कसं ते.

झालं असं, की काकूंच्या कमरेत उसण भरली. नळावरून हंडा उचलला आणि त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. नळावरच्या दोघींनी धरून वर आणलं. शेक झाला, लेप झाला, बाम चोळून झाला. सगळे म्हणाले, दोन दिवसांत बरं वाटेल. पण आठवडा उलटला आणि काकूंना कूस वळता येईना. एवढी खणखणीत बाई, पण पाणी मागताना आवाज नुसता पुटपुटल्यासारखा यायचा. पायाला मुंग्या येतात म्हणाल्या तेव्हा काकांचा चेहरा मी पाहिला. तो पांढरा पडला होता.

स्टेशनजवळचे डॉक्टर टांग्यातून आले. काकूंना तपासलं, मग खाटेच्या कडेला गुडघा टेकवून दाब दिला. खाट नवारीची, लग्नापासूनची. नवारीच्या पट्ट्या इतक्या सैल पडल्या होत्या, की डॉक्टरांचा गुडघा जमिनीला लागतो की काय असं वाटलं. ते म्हणाले, असल्या झोळीत निजवाल तर ही पाठ कधी बरी व्हायची नाही. घट्ट गादी आणा, काथ्याची. आणि बॅग उचलून निघाले.

काका त्यांच्या मागून जिना उतरले. टांगा हलला तसे दांडीला धरून चालायला लागले. मी वरून ऐकत होते.

"डॉक्टर, गादीचं कळलं. पण गादीच्या खाली काय?"

"खाली काय म्हणजे? खाट आहे ना?"

टांगा गेला. काका रस्त्यात उभेच राहिले. पुढे जे काही झालं, ते सगळं या एका प्रश्नावरून झालं.

गादी आणायला ते आमच्या ह्यांना घेऊन घाटकोपरला गेले. तिथला गुजराती दुकानदार बिचारा चांगला माणूस. त्यानं गादी पुढे केली, काकांनी ती उलटी केली. त्यानं दुसरी पुढे केली, काकांनी तीही उलटी केली. दुकानदार म्हणाला, शेठ, गादीला उलटंसुलटं नसतं, दोन्ही बाजू सारख्या. काका घाबरलेच. मग खालची कुठली म्हणायची, असं विचारायला लागले. शेवटी दुकानदारानं एका बाजूच्या कोपऱ्यावर खडूनं फुली मारली आणि ही खालची म्हणून सांगितलं. तेव्हा कुठे गादी दुकानातून हलली.

गादी आली आणि भिंतीला उभी राहिली. कारण आता खरा प्रश्न पुढे होता. नवी गादी जुन्या नवारीवर टाकायची, की खाटच बदलायची? तुम्ही म्हणाल, यात एवढं काय आहे? काकांना विचारायचं होतंत. नवी घट्ट गादी सैल नवारीवर टाकली तर ती झोळात बसणार, मग तिचा उपयोग काय? नवार आवळून घेतली तर महिन्यात परत सैल पडणार. नवी खाट घ्यायची तर तिचं लाकूड कसलं निघेल याची खात्री नाही. आणि फळ्या ठोकल्या तर पाठीला फार कडक होतील, कातडी सोलवटेल, तिचं काय करायचं?

एका दुपारी मी काकूंसाठी पेज घेऊन गेले. खोलीत काका दिसेनात. काकूंनी डोळ्यांनी खाली खूण केली. बघते तर काका खाटेखाली उताणे पडलेले, हातात फूटपट्टी. वर नवारीचा फुगवटा त्यांच्या नाकाला लागत होता. काकू जरा हलल्या की कुठली पट्टी किती खाली येते हे ते बघत होते. मला म्हणाले, मास्तरीणबाई, कंबर जिथे येते तिथेच सगळ्यात जास्त झोळ आहे. मी पेजेचं भांडं धरून उभी. हसावं की रडावं कळेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पडल्यापडल्या ते कानात उतरत होतं.

ते परत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, फळ्या टाका. काकांनी विचारलं, सागाच्या की आंब्याच्या? डॉक्टरांनी हात जोडले म्हणे. एवढं मात्र सांगितलं, की फळ्या होईपर्यंत नवी गादी खाली जमिनीवर टाका आणि बाईंना त्यावर निजवा, आजच्या आज. असंच चाललं तर हॉस्पिटलात नेऊन प्लॅस्टरमध्ये ठेवावं लागेल, आणि मग त्या परत चालतील की नाही ते मी सांगू शकत नाही.

मिस्त्री येऊन बघून गेला. म्हणाला, नवार काढावी लागेल, चौकटीला आतून पट्टी मारावी लागेल, तरच फळ्या बसतील. नुसत्या वर ठेवल्या तर डुगडुगतील. म्हणजे खाट बाहेर काढून उलटी करायची, अर्ध्या दिवसाचं काम. काकांचं एकदाचं ठरलं. फळ्या, आणि सागाच्याच.

आणि काकू नाही म्हणाल्या.

साधं नाही म्हटलं असतं तर समजावता आलं असतं. त्यांनी खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाल्या, मला खाली घ्यायचं नाही. दुसरी खाट आणावी तर त्यांच्या खोलीत दोन खाटा मावत नव्हत्या. दुसऱ्याच्या घरी उचलून न्यावं तर डॉक्टरांची सक्त मनाई. राहिली जमीन. आणि जमिनीवर त्या येईनात.

तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे माणूस जायला टेकला की त्याला खाटेवरून उचलून जमिनीवर निजवतात. खाटेवर जीव जाऊ नये म्हणून. त्याला आपण 'खाली घेतलं' म्हणतो. हे दोन शब्द कोणी बोललं, की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही, पायांत चपला घालतो. मला वाटलं, काकू त्या शब्दांना घाबरतायत. जरा रागच आला मला. एवढी शहाणी बाई आणि शब्दापायी पाठ घालवून बसणार? मी तसं बोललेसुद्धा, फटकळपणे.

काकूंनी तोंड आढ्याकडे फिरवलं. मग म्हणाल्या,

"माझ्या आईला खाली घेतलं तेव्हा ती शुद्धीवर होती गं. मी एवढीशी होते, तिच्या उशाशी बसलेली. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, मला खाली का ठेवलंय? मला वर घ्या ना. सगळे भिंतीकडे बघत होते."

मी पेजेचं भांडं उचललं आणि माझ्या खोलीत येऊन खूप रडले.

मग सुरू झाले ते वाईट दिवस. काकू खाट सोडेनात, खाट सोडल्याशिवाय फळ्या बसेनात, फळ्यांशिवाय गादीचा उपयोग नाही. गादी भिंतीला तशीच उभी, खडूची फुली दाखवत. काकूंचा डावा पाय बधिर व्हायला लागला. काका रजेवर होते, पण सुतक पडल्यासारखे दाढी वाढवून फिरत होते. दर थोड्या वेळानं माझ्या दाराशी येऊन म्हणायचे, मास्तरीणबाई, तुम्ही सांगा ना तिला. मी काय सांगणार? डॉक्टर हॉस्पिटलचं पक्कं करायला निघाले होते. काकांना वाटत होतं, ती आत गेली की परत येणार नाही. काकूंना वाटत होतं, मी खाली गेले की परत वर येणार नाही. दोघंही एकमेकांसाठी झुरत होती आणि दोघांना मधला रस्ता दिसत नव्हता.

शनिवारी माझी शाळा अर्धी. मी आले तर काका हातात केरसुणी घेऊन खोली झाडत होते. झाडून झालं, ओल्या फडक्यानं पुसून झालं. मग ओणवे बसून फरशीवरून तळहात फिरवायला लागले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नवी गादी त्यांनी आडवी टाकली, खडूची फुली खाली करून. तिच्या शेजारी स्वतःसाठी एक चटई टाकली. आणि त्या चटईवर धोतर सावरून सरळ उताणे झोपले. आमचे हे आणि मिस्त्री दारात उभे होते, ते बघतच राहिले.

काकू वरून म्हणाल्या, अहो, हे काय? उठा. लोक हसतील.

काका खालून म्हणाले, "मला कोणी खाली घेतलेलं नाही. मी आपणहून आलोय. आता तूही ये. जागा घट्ट आहे. सकाळी सुभद्राबाईंच्या खोलीत जाऊन खालनं सगळ्या तुळया बघून आलोय मी."

सुभद्राबाई म्हणजे त्यांच्या बरोबर खाली तळमजल्यावर राहणाऱ्या मालवणी बाई. हा माणूस बायकोला जमिनीवर निजवण्याआधी त्यांच्या घरी जाऊन त्या जमिनीची खालची बाजू बघून आला होता.

काकूंनी तोंडावर पदर घेतला. हसत होत्या की काय, मला दिसलं नाही. मग पदराआडून म्हणाल्या, माझ्याआधी उठायचं नाही हं. काका म्हणाले, नाही उठणार.

चादरीचे चारी कोपरे धरून आम्ही त्यांना उचललं. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती, गार पडलेली. अर्ध्या वाटेत त्यांनी श्वास धरला तसा मीही धरला. काका खालून सारखे सांगत होते, इकडे बघ, माझ्याकडे बघ, भिंतीकडे नको. गादीवर पाठ टेकली. काकूंनी मान वळवली तर नवरा शेजारी, तोही जमिनीवर, तोही आढ्याकडे तोंड करून. माझं मनगट हळूहळू सुटलं.

खाट गॅलरीत नेऊन उलटी ठेवली, नवार ओढून काढली. मिस्त्री माप घेऊन फळ्या कापायला दुकानात गेला, आमचे हे त्याच्या सोबत. मी मलम आणायला स्टेशनजवळ दवाखान्यात गेले. तिथे गर्दी होती, बसावं लागलं. पण मन हलकं होतं. कितीतरी दिवसांनी मला रस्त्यावरचं ऊन बरं वाटलं.

परत आले तर फाटकाशी माणसं.

खांद्यावर पंचे टाकलेली, खाली मान घातलेली. कोणीतरी एक हिरवा बांबू भिंतीला टेकवून ठेवला होता. सुभद्राबाईंच्या दारात चूल पेटलेली, वर भलं मोठं पातेलं. वर गॅलरीत ती खाट, चारी पाय आभाळाकडे करून. मलमाची डबी हातातून पडली आणि उचलायला वाकता येईना. मला एवढंच ऐकू येत होतं, मला वर घ्या ना. मीच चादरीचा कोपरा धरला होता ना, मीच त्यांना खाली ठेवलं होतं. जिन्यावरून एक गृहस्थ उतरले आणि हळूच म्हणाले, दोघंही.

काय दोघंही, मी विचारलं.

दोघंही खाली आहेत, ते म्हणाले आणि डोळे पुसले.

मी जिना कसा चढले मला सांगता येणार नाही. खोलीत भिंतीला लागून बायका उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. मध्ये जमिनीवर काका आणि काकू शेजारी शेजारी, उताणे, डोळे मिटलेले. काकांचं तोंड जरा उघडं होतं. काकांचा एक हात गादीच्या खाली गेलेला होता. कोणी पुढे व्हायला धजत नव्हतं. तेवढ्यात सुभद्राबाईंना राहवेना. त्यांनी गळा काढला, "देवा म्हाराजा, ह्यां काय झालां!"

काकूंनी डोळे उघडले. सगळ्यांकडे बघितलं. आणि झोपेतून उठलेल्या जड आवाजात विचारलं,

"कोण गेलं गं?"

मग माझ्याच घशातून असा काही आवाज निघाला, की काका दचकून जागे झाले. त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, गादीखालच्या हातानं दाबून पाहिलं, आणि मग पंचे घेतलेल्या माणसांकडे पाहिलं. कितीतरी रात्री ते झोपले नव्हते. काकूंना पाठ टेकल्यावर डोळा लागला, तो त्यांनाही लागला. एवढंच झालं होतं.

उलगडा मग झाला. मी गेल्यावर काका काकूंना विचारून क्षणभर उठून गॅलरीत आले होते. काकूंच्या शेकायच्या पिशवीला गरम पाणी हवं होतं. त्यांनी खाली वाकून हाक मारली, सुभद्राबाई, हिला खाली घेतलंय, जरा पाणी तापवाल का? आणि परत जाऊन चटईवर पडले. खाली घेतलंय, पाणी तापवा, आणि वर गॅलरीत उलटी खाट. आता सुभद्राबाईंनी दुसरं काय समजायचं? त्यांनी मोठं पातेलं चढवलं आणि मुलाला शेजारच्या चाळीत धाडलं.

"मी फक्त पाणी मागितलं हो," काका म्हणत राहिले.

काकू हसायला लागल्या. हसलं की कमरेत कळ येई, कळ आली की रडू येई, आणि रडतारडता परत हसत. पंचेवाली माणसं अवघडून उभी. त्यांतल्या एकानं शेवटी विचारलं, बांबूचं काय करायचं? काका उठले, खाली गेले, बांबूचा बुंधा निरखून आले आणि म्हणाले, चांगला आहे, राहू दे. तो आमच्या गॅलरीत धुणं वाळत घालायला लागला. सुभद्राबाईंच्या त्या भल्यामोठ्या पातेल्यातलं पाणी आम्ही सगळ्यांनी मिळून चहाला वापरलं.

संध्याकाळी फळ्या बसल्या. काकांनी खालून ठोकून बघितल्या, मिस्त्रीचा जीव खाऊन एक खिळा बदलून घेतला. गादी चढली, गादीवर काकू चढल्या. पाय जागेवर यायला बरेच महिने लागले, पण आला. त्या भिंत धरून चालल्या, मग काठी धरून, मग नुसत्या. पहिल्यांदा नळावर आल्या तेव्हा सगळ्या बायकांना ऐकवलं, मला खाली घेतलं होतं बरं का, मी उठून आले. त्यानंतर ते दोन शब्द त्यांना कधी बोचले नाहीत. कमरेत बाक तेवढा कायमचा राहिला.

काका होते तसेच राहिले. उलट आता त्यांना पुरावाच मिळाला होता. मला दिवस गेले तेव्हा आमच्या घरी पाळणा आला, आणि त्याच्याखाली ते इतका वेळ बसून राहिले, की आमचे हे म्हणाले, काकांनाच जोजवूया का?

काही वर्षांनी तेच आजारी पडले. छातीचं दुखणं. त्याच खाटेवर, त्याच गादीवर पडून असायचे. बोलणं कमी झालं होतं, पण उजवा हात कडेवरून खाली सोडलेला असायचा आणि बोटं गादीखालच्या फळीवर हळूहळू फिरत असायची. कोणी भेटायला आलं की त्याच्या खुर्चीकडे बघायचे. माणूस नीट बसला की मग डोळे मिटायचे.

एका सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. नात्यातली माणसं जमली होती. त्यांतले एक वडीलधारे म्हणाले, आता वेळ घालवू नका, खाली घ्या. ते बाहेरगावचे, त्यांना काय माहीत. आम्ही इमारतीतल्यांनी मात्र खाली माना घातल्या. काकांचा श्वास चालू होता. डोळे अर्धे उघडे होते.

काकू भिंतीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, थांबा.

मला वाटलं, त्या नको म्हणणार. मनातून मलाही तेच हवं होतं. पण काकू त्या वाकड्या कमरेनं हळूहळू खाली बसल्या, एक हात टेकून, मग दुसरा. पदराचं टोक घेऊन फरशी पुसली. मग पुसलेल्या जागेवरून तळहात फिरवायला लागल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एका ठिकाणी हात थांबला. तांदळाचा एक दाणा होता, तो उचलून बाजूला ठेवला. चटई मागितली, अंथरली. आणि सगळ्यांच्या देखत त्या चटईवर आडव्या झाल्या, पाठ टेकून, आढ्याकडे बघत. वडीलधारे काही बोलणार होते, सुभद्राबाईंनी त्यांचा हात धरला.

जरा वेळानं त्या कूस वळून उठल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. खाटेला धरून उभ्या राहिल्या. काकांचा खाली सोडलेला हात आपल्या हातात घेतला आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "खालनं बघितलंय मी. या."

मग आम्ही त्यांना खाली घेतलं.